पुरासाठी गल्लीत स्वयंसेवकांचे पथक उभारायचे आहे. किती तरुण लागतील?

गणेशोत्सव मंडळ असलेल्या गल्लीत तरुणांची वानवा नसते, त्यामुळे संख्येचा प्रश्न मला गौण वाटतो. दूधगंगेच्या काठावरील, कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या गावात जुलै 2019 मध्ये अशीच बैठक झाली आणि मंडळाचे अध्यक्ष असलेल्या माझ्या चुलत्यांनी वर्गणीतून एकसारखे टी-शर्ट, शिट्ट्या व विजेऱ्या आणण्याचे ठरवले. अंथरुणाला कोण खिळले आहे, बाळंतीण कोणाकडे आहे, जनावरे किती आहेत, याची यादी आधी करू, असे मी म्हणालो; तेव्हा "यादी तलाठी करील" म्हणून त्यांनी विषय संपवला.

ऑगस्टमध्ये कृष्णा तुडुंब असल्याने दूधगंगेचे पाणी पुढे सरकेना आणि फुगवटा एका रात्रीत मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागला. खालच्या आळीतील एका आजींना चौघांनी उचलून शाळेत आणले, पण म्हैस दावणीलाच राहिली. पहाटे आजी कोणालाही न सांगता परत गेल्या. मी मागोमाग पोहोचलो, तर त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून, भिजून आवळलेली दाव्याची गाठ दातांनी सोडवत होत्या. पथकातील एकाकडेही विळा नव्हता, माझ्याकडेही नाही. शेजारच्या पडवीतला कोयता शोधून मी दावे कापले. आजींना गुऱ्हाळाच्या काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) बसवून आणले आणि म्हैस मागून पोहत आली. जीवितहानी झाली नाही म्हणजे नियोजन चोख होते, असे चुलते आजही सांगतात. मला ते मान्य नाही.

यादी बचत गटातील महिलांकडून करवून घ्या; तालमीतल्या तरुणांपेक्षा त्यांना घराघरातले नेमके ठाऊक असते. जनावरे आदल्या दिवशीच हलवा, कारण गोठ्यात म्हैस असेपर्यंत घरधनी हलत नाही. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचा विसर्ग आणि कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळी रोज पाहण्याचे काम दोघांना नेमून द्या. नुसत्या दूधगंगेकडे पाहून फसगत होते. तालुक्याच्या सूचना कन्नडमध्ये येतात, म्हणून सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो (माझे चुलत्यांसारखेच आहे), कन्नड सफाईने वाचणारा एक जण पथकात हवाच.

काहिलीला मात्र कोणी होडी समजू नये. धारेत ती गरगर फिरते आणि एका बाजूला वजन पडताच उलटते. आम्ही ती साचलेल्या पाण्यातून दोराने ओढली होती. धारेत कोणी अडकले, तर 112 ला कळवा आणि सुटका प्रशिक्षित पथकावर सोडा.

संख्येचे राहिलेच: दहा घरांमागे एक जण पुरे. टी-शर्ट हवेच असतील, तर चुलत्यांच्या माळ्यावर अजून एक न फोडलेला गठ्ठा पडून आहे.