नऊ दिवस, सहा शहरे आणि पासपोर्टमधला एक शिक्का

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मिडवेस्टमधील एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत, चार मैत्रिणींबरोबर युरोपला जायचे म्हणते. लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी सहा शहरे नऊ दिवसांत पाहण्याचा बेत ठरला आहे. चारही मैत्रिणींकडे अमेरिकेचे पासपोर्ट आहेत आणि त्या लवकरच तिकिटे काढणार आहेत. आईला काळजी आहे ती मुलींनी एकट्याने हिंडण्याची, हॉस्टेलमधल्या मुक्कामाची आणि मुलगी शाकाहारी असल्यामुळे तिच्या जेवणाखाण्याची. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: "गेल्या ऑक्टोबरमध्ये तिला एकवीस वर्षे पूर्ण झाली, म्हणून वकिलांनी इथूनच तिचे एच-फोरचे एफ-वन करून दिले."

माझ्या दृष्टीने सगळे पत्र या एका वाक्यात आहे, आणि म्हणून शहरे, हॉस्टेल आणि जेवण यांच्याकडे वळण्याआधी तुम्ही मुलीचा पासपोर्ट उघडून पाहावा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आईवडिलांची मुले एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच एच-फोर या अवलंबितांच्या दर्जावर राहू शकतात. त्यानंतर शिक्षण चालू ठेवायचे तर बहुतेक जण देश न सोडता एफ-वन, म्हणजे विद्यार्थी, असा स्थितिबदल करून घेतात. हा बदल पूर्णपणे कायदेशीर आहे आणि मुलगी शिकत आहे तोवर तिला अमेरिकेत राहण्यास त्यामुळे काहीच अडचण नाही. मात्र स्थितिबदलाच्या मंजुरीने पासपोर्टमध्ये एफ-वनचा व्हिसा उमटत नाही. तिथे आहे तो एच-फोरचा जुना शिक्का, आणि त्याची मुदत शिल्लक असली तरी विद्यार्थिनी म्हणून परत येताना तो चालत नाही. म्हणजे ती युरोपला जाऊ शकेल, पण परतीच्या विमानात बसण्याआधी तिला अमेरिकेच्या एखाद्या वकिलातीत मुलाखत देऊन एफ-वनचा शिक्का घ्यावा लागेल.

हे काम युरोपातच उरकून घेता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पूर्वी काही जण तसे करत असत. परंतु सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अर्जदारांना स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच अर्ज करण्यास सांगितले आहे. तेव्हा भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि युरोपात सहलीला आलेल्या मुलीने व्हिएन्नातील वकिलातीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. मुदत संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत सांगोवांगी ऐकू येते, ती कॅनडा, मेक्सिको आणि काही लगतच्या बेटांवरील ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासापुरती आहे; युरोपला ती लागू नाही. आणि ज्या वाचकांच्या मुलांचा स्थितिबदलाचा अर्ज अजून विचाराधीन असेल, त्यांच्यासाठी तर नियम आणखी कडक आहे: निकाल लागण्याआधी देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते.

त्यामुळे येत्या मार्चमध्ये तुमच्या मुलीने युरोपला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तिला सांगताना मात्र एक पथ्य पाळावे. "आम्हाला आधीपासूनच हे पसंत नव्हते" असा सूर चुकूनही लावू नये, कारण नकार तुमचा नाही, कागदांचा आहे. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना मैत्रिणींच्या आणि आपल्या पासपोर्टमधला फरक प्रथम अशाच एखाद्या सहलीच्या निमित्ताने बोचतो. पाचही जणी एकाच वर्गात शिकतात, एकाच घरात राहतात, आणि तरी चौघींना रात्रीत तिकीट काढता येते, पाचवीला नाही. तिला याचा राग येईल. तो येऊ द्यावा, आणि मैत्रिणींना काय सांगायचे ते तिचे तिला ठरवू द्यावे. फक्त हे सांगणे त्यांनी पैसे भरण्याआधी व्हावे. पाचही जणींना एकत्र कुठेतरी जायचेच असेल, तर पोर्तो रिको हा अमेरिकेचाच भाग आहे आणि थेट विमानाने तिथे जाऊन आल्यास देश सोडला असे होत नाही. सान हुआनचे जुने शहर आणि समुद्रावरचा एल मोरो किल्ला पाहायला चार दिवस सहज लागतात. पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी (विद्यापीठ देते ते विद्यार्थी-प्रमाणपत्र) तेवढे जवळ असावेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला भारतात पाठवून एफ-वनचे स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, करून घ्यावे. मुलाखतीची तारीख हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये, आणि ती तारीख सुट्टीच्या सुरुवातीला असावी, म्हणजे कागदपत्रांची जादा छाननी झाली तरी सत्र बुडणार नाही. ते झाले की चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये याच मैत्रिणींबरोबर युरोपचा बेत आखता येईल. पुढचा मजकूर त्या वर्षासाठी आहे. ज्यांची मुले भारतातूनच एफ-वनचा शिक्का घेऊन आली आहेत त्यांना तो याच वर्षी उपयोगी पडेल. अशा मुलांनी निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून आय-ट्वेंटीवर प्रवासाची सही घ्यावी. शिकत असताना ही सही साधारणपणे एक वर्ष चालते. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीवर, असलेल्यांसाठी ती सहाच महिने ग्राह्य धरतात.

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, बाबतीत शहरांची यादी आणि अर्जाची जागा या दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढायच्या त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत, परंतु लंडन त्यात नाही. ब्रिटनचा व्हिसा भारतीय नागरिकाला वेगळा काढावा लागतो, शिवाय शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला असेल तर मध्येच लंडनला गेल्यावर पुन्हा आत येता येत नाही. दोन रात्रींच्या लंडनसाठी एवढा खटाटोप करण्यात मला काही हशील दिसत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण मार्चच्या सुट्टीवर अमेरिकेतील हजारो विद्यार्थ्यांचा डोळा असतो आणि जानेवारीत स्लॉट मिळणे अवघड होते, म्हणून दिवाळीच्या सुमारास कामाला लागणे शहाणपणाचे. अनेक देशांच्या बाबतीत कोणत्या केंद्रात जायचे हे मुलगी ज्या राज्यात राहते त्यावर ठरते, आईवडिलांच्या पत्त्यावर नाही.

व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. विद्यापीठाचा विमा ही अट पूर्ण करतोच असे नाही, त्यामुळे विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे अथवा सरळ प्रवासापुरता वेगळा विमा काढावा. हॉटेल व विमान यांची आरक्षणे व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येतील अशीच ठेवावीत. कोणत्या वकिलातीचा स्लॉट लवकर मिळतो हे पाहून खोटा प्रवासमार्ग दाखवण्याचा सल्लाही मुलांना मिळत असतो. तो ऐकू नये. खरा मार्गच त्या देशाला अनुकूल असा आखणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती करण्यात काही गैर नाही.

आता शहरांविषयी. नऊ दिवसांतले दोन दिवस अटलांटिक ओलांडण्यात आणि झोपेची घडी बसवण्यात जातात. उरलेल्या सातांत सहा शहरे म्हणजे पाच वेळा सामान बांधणे, स्टेशन गाठणे, नवे हॉस्टेल शोधणे, आणि प्रत्येक वेळी किमान अर्धा दिवस गमावणे. ॲम्स्टरडॅमहून प्रागला रेल्वेने जायचे तर दिवसाचा बहुतेक भाग गाडीतच संपेल. मुलींच्या यादीतील शेवटची तीन नावे मात्र एका रेषेत आहेत. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास, आणि व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. विमान प्रागला उतरणारे आणि बुडापेस्टहून परतणारे घ्यावे, म्हणजे उलट फेरा पडत नाही. प्रागला तीन रात्री आणि बाकी दोन ठिकाणी दोन-दोन असा हिशोब बसवला तर अर्ज कुठे करायचा हा प्रश्नही सुटतो: तो चेक प्रजासत्ताकाकडे. पॅरिस राहिले म्हणून मुली हळहळतील, पण लूव्रच्या रांगेतून थेट स्टेशनवर धावण्यापेक्षा ते पुढच्या खेपेला नीट पाहिलेले बरे. शिवाय फ्रान्समधील राष्ट्रीय संग्रहालयांत २६ वर्षांखालील तरुणांना मिळणारा मोफत प्रवेश युरोपीय नागरिक आणि तिथले रहिवासी यांच्यासाठी आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना दारात पोचल्यावर कळते.

या मार्गावर प्रत्येक शहराचे चलन निराळे आहे: प्रागला कोरुना, व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट. तिन्ही ठिकाणी कार्ड सर्रास चालते. यंत्र "डॉलरमध्ये रक्कम घेऊ का" असे विचारेल तेव्हा नाही म्हणावे आणि स्थानिक चलनच निवडावे, कारण डॉलरचा तो दर ग्राहकाच्या तोट्याचाच असतो. व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटके नाहीत आणि प्रागला कागदी तिकिटावर यंत्रात वेळेचा ठसा मारून घ्यावा लागतो. तिकीट घेतले पण ठसा मारला नाही तरी तपासनीस दंड करतो आणि परकी माणूस म्हणून सूट देत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांची नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे, म्हणून विमान उतरल्यानंतर लगेचच्या गाडीचे तिकीट काढून ठेवू नये.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यात हल्ल्याची भीती अधिक दिसते. या तीन शहरांत मला खिसेकापूची चिंता जास्त वाटते, आणि तीसुद्धा पैशांसाठी नाही. भारतीय पासपोर्ट परदेशात हरवला तर भारतीय वकिलात मदत करते, आणि या तिन्ही राजधान्यांत आपली वकिलात आहे; परंतु तातडीने मिळणारा इमर्जन्सी सर्टिफिकेट हा कागद केवळ भारतात परतण्यापुरता असतो. अमेरिकेचा व्हिसा गेला तो पासपोर्टबरोबरच. नवा पासपोर्ट, मग पुन्हा व्हिसाची मुलाखत, आणि तोवर एप्रिलमधली परीक्षा निघून गेलेली. मैत्रिणीचा पासपोर्ट हरवला तर तिचे दोन दिवस वाया जातील, तुमच्या मुलीचे सत्र जाईल. हा फरक तिला प्रवासाआधी समजलेला असावा. पासपोर्ट पाठपिशवीत न ठेवता कपड्यांच्या आत, अंगावरच्या पातळ पाकिटात ठेवावा आणि व्हिसा, आय-ट्वेंटी व पासपोर्ट यांच्या प्रती तुमच्याकडेही असाव्यात.

हॉस्टेलची धास्ती घेण्याचे कारण नाही. पाच जणी असल्यामुळे त्यांना बहुधा स्वतंत्र खोलीच मिळेल, नाहीतर केवळ मुलींच्या खोल्या असतात. कुलूप मात्र स्वतःचे न्यावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. रोज मुक्कामाला पोचल्यावर एक निरोप एवढेच तिच्याकडून मागावे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या काळात न्यू जर्सी आणि व्हिएन्ना यांच्यात सहाऐवजी पाचच तासांचे अंतर असते, हे लक्षात ठेवले तर निरोपाला उशीर झाला असे वाटून उगाच जीव टांगणीला लागणार नाही.

जेवणाचे म्हणाल तर प्रागला तळलेल्या चीजचा स्माझेनी सीर आणि बुडापेस्टला तळलेल्या पिठाचा लांगोश ही पोटभरीची आणि स्वस्त खाणी आहेत. सूप भाज्यांचे दिसले तरी ते मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारीच फळे-पाव घेऊन ठेवावा, अथवा मोठ्या रेल्वेस्थानकातील दुकान गाठावे. घरून चिवडा, चकल्या, मेतकूट खुशाल द्या. पेढे, बर्फी आणि तूप मात्र देऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे आणि ते विमानतळावरच काढून घेतात.