अर्व्हाइनची ऑफर आणि टॅक्स बिलाचा खालचा भाग

प्रिय मुली,

तुझा आकडेमोडीचा कागद नीट वाचला. प्लेनोत, म्हणजे टेक्सासमध्ये, सध्या वर्षाला १,१५,००० डॉलर पगार आणि कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतल्या अर्व्हाइनची ऑफर १,५०,००० ची. वाढ ३५,००० ची, आणि तिच्याखाली लाल पेनानं लिहिलंयस, "पण कॅलिफोर्नियाचा टॅक्स?" शंका रास्त आहे, फक्त लाल पेन चुकीच्या ओळीवर चाललंय. ऑरेंज काउंटीत टॅक्स चिमटा काढतो, खिसा रिकामा करतं ते घर.

आधी त्या ३५,००० चं काय होतं ते बघ. २०२५ चे दर, तू एकटी फायलर (रिटर्न एकटीच्या नावानं), १५,७५० चं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) आणि ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्ती-बचत, शून्य धरून. फेडरल टॅक्स साधारण ८,३०० नं वाढतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, म्हणजे आणखी जवळपास २,७००. (तू एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेस म्हणून हे धरलं. ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवान्यावर, असताना ही कपात नव्हती, म्हणून तेव्हाच्या पे-स्लिपवरून अंदाज बांधू नकोस.) कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स सुमारे ९,७०० (टेक्सासमध्ये तो नाही). शिवाय एसडीआय नावाची (राज्याच्या आजारपण-अपंगत्व विम्याची) एक कपात, १.२ टक्के, म्हणजे १,८००. २०२४ पासून तिला पगाराची वरची मर्यादाच राहिलेली नाही, त्यामुळे ती अख्ख्या पगारावर बसते. बेरीज साडेबावीस हजार. उरले साडेबारा हजार, महिन्याला हजार-साडेदहाशे. प्लेनोत हातात साधारण ७,४५० पडतात, अर्व्हाइनमध्ये ८,५०० पडतील.

लोक ९.३ टक्क्यांचा बाऊ करतात, पण तो दर करपात्र उत्पन्नाच्या साधारण ७२,७०० च्या वरच्या भागालाच लागतो. तुझा सरासरी दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो.

आता भाडं. तू प्लेनोत वन-बेडरूमचे १,५०० देतेस आणि अर्व्हाइनचा २,७५० चा अंदाज तूच काढला आहेस. फरक १,२५०. म्हणजे ३५,००० ची पगारवाढ घेऊन महिन्याअखेरीस तुझ्याकडे आजच्यापेक्षा दोनशे डॉलर कमी उरतील. टॅक्स पूर्ण माफ झाला असता तरी वाढीव भाड्यानं त्यातले महिन्याला साडेबाराशे नेलेच असते. टू-बेडरूम ३,४०० ला घेऊन कुणाबरोबर वाटून घेतलंस तर वाट्याला १,७०० येतात आणि तोच हिशेब महिना साडेआठशे डॉलर शिलकीत जातो. एका रूममेटमुळे जेवढं वाचतं, तेवढं वाचवणारी टॅक्सची कुठलीही युक्ती या पगारात तुला सापडणार नाही.

या काउंटीत पैसा आणि परवडणं यांचं नातं किती विस्कटलंय, ते सरकारी तक्त्यातच दिसतं. २०२५ साली राज्याच्या गृहनिर्माण खात्यानं ऑरेंज काउंटीतल्या चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न १,३६,६०० डॉलर धरलं. एकट्या माणसासाठी 'अल्प उत्पन्ना'ची मर्यादा ९४,७५०, आणि चौघांसाठी १,३५,३५०. नीट बघ: मध्यम आणि अल्प यांच्यात जेमतेम सव्वा हजाराचा फरक. एरवी अल्प म्हणजे मध्यमाच्या ऐंशी टक्के, पण जिथे घरं फार महाग तिथे ही मर्यादा वर सरकवायची तरतूद आहे, आणि इथे ती एवढी सरकली. तेव्हा 'सहा आकडी पगार' हा शब्द इथे फार मनावर घेऊ नकोस.

भाड्याच्या जाहिरातीत एक खाच असते. २,७५० हा आकडा बऱ्याचदा 'इफेक्टिव्ह रेंट' असतो: करारात ३,००० लिहिलेले, बारा महिन्यांत एक महिना फुकट. पहिलं वर्ष झकास जातं, नूतनीकरण मात्र ३,००० पासून सुरू होतं. राज्याचा भाडेवाढीचा कायदा (२०२० पासून लागू: महागाई अधिक ५ टक्के, पण कमाल १० टक्के) सवलत मोजत नाही, करारातलाच आकडा मोजतो. आणि ज्या इमारतीला १५ वर्षं झालेली नाहीत तिला तो लागूच नाही, अर्व्हाइनमध्ये तर नवी संकुलं ढिगानं. म्हणून सही करण्याआधी तीनच गोष्टी विचार: करारातलं भाडं किती, इमारत कोणत्या सालची, पार्किंग-पाणी-कचऱ्याचे वेगळे किती. डिपॉझिट मात्र जुलै २०२४ पासून बहुतेक ठिकाणी एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, "दोनतीन वर्षांत घर घेतलं तर?" इथे थोडं थांबून बोलायला हवं.

१९७८ च्या प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं मूळ प्रॉपर्टी टॅक्स मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला आणि मालक तोच असेपर्यंत मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढेल असं ठरवलं. मालक बदलला की मूल्यांकन थेट विक्रीच्या किमतीवर. परिणाम असा, की १९९६ मध्ये अडीच लाखांना घेतलेल्या घराचं मूल्यांकन आज साडेचार लाखांच्या आत असू शकतं आणि टॅक्स वर्षाला पावणेपाच हजारांच्या आत. भिंतीला भिंत लागून असलेलं तसंच घर तू आज १२ लाखांना घेतलंस, तर तुला साडेबारा हजार. रस्ता तोच, शाळा तीच, कचऱ्याची गाडीही तीच. म्हणून विकणाऱ्याच्या बिलावरचा एकूण आकडा तुझ्या कामाचा नाही. नवखे लोक तोच उचलून बजेट मांडतात आणि पहिल्या बिलाला गडबडतात.

त्या बिलाचा खालचा भाग मात्र सोन्यासारखा. काउंटीच्या ट्रेझरर-टॅक्स कलेक्टरच्या साइटवर घराचा पत्ता टाकलास की कुठलंही बिल बघता येतं. वरच्या भागात १ टक्क्याची मूळ आकारणी, तिच्या खाली शाळा आणि पाण्याच्या रोख्यांचे छोटे दर. हे सगळं मूल्यांकनावर, म्हणजे तुझ्यासाठी नव्यानं मोजावं लागणारं. मेलो-रूस (नव्या वसाहतींवरचा विशेष कर, तो पुढे येतोच) सोडून दर साधारण १.०५ ते १.१ टक्के येतो. त्याखाली ठरावीक रकमांच्या ओळी सुरू होतात: डास नियंत्रण, लाल मुंग्या, पाण्याचा स्टँडबाय चार्ज. हे किरकोळ डॉलर. आणि मग 'सीएफडी' असं लिहिलेली ओळ आली, तिथे बोट ठेवून थांब. तेच मेलो-रूस.

१९८२ च्या कायद्यातून आलेला हा विशेष कर आहे. प्रपोझिशन १३ मुळे गावांचे हात बांधले गेले, तेव्हा नव्या वसाहतीतले रस्ते, शाळा, बागा रोखे काढून बांधायच्या आणि ते कर्ज तिथल्याच घरांकडून वर्षानुवर्षं फेडून घ्यायचं, अशी ही सोय. हा घराच्या किमतीवर नसतो, क्षेत्रफळावर किंवा घराच्या प्रकारावर असतो. त्यामुळे विकणाऱ्याच्या बिलावर जो आकडा आहे तोच, फार तर २ टक्क्यांनी वाढत, तुझ्याकडे येतो. बाजार पडला तरी तो पडत नाही. जुन्या टस्टिन किंवा कोस्टा मेसाच्या अनेक गल्ल्यांत ही ओळच नसते, तर एल टोरोच्या जुन्या लष्करी विमानतळावर उभ्या राहिलेल्या ग्रेट पार्कच्या वसाहतींत ती चांगली जाडजूड असते. एजंटला दोन प्रश्न लेखी विचार: हा सीएफडी कोणत्या साली संपतो, आणि रक्कम दरवर्षी वाढते का. "लवकरच संपेल" हे उत्तर धरू नकोस. काही चाळीस वर्षांपर्यंत चालतात.

तर १२ लाखांच्या टाउनहोमचं गणित. वीस टक्के डाऊन पेमेंट म्हणजे २,४०,०००. कर्ज ९,६०,०००, साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षं, हप्ता ६,०६८. मूळ टॅक्स १,०५० महिना. मेलो-रूस वर्षाला ४,००० धरले तर ३३३. एचओए (वसाहतीची देखभाल वर्गणी) ३००, विमा १५०. एकूण ७,९००. पहिल्या हप्त्यातले ५,२०० निव्वळ व्याज, मुद्दल फिटतं जेमतेम ८७० चं. तसंच घर साडेचार हजारांना भाड्यानं मिळत असेल, तर खरी तुलना ४,५०० ची ७,९०० शी नाही, ७,०३० शी करायची, कारण मुद्दल तुझंच राहतं. तरी महिन्याला अडीच हजार डॉलर जास्त झाले. घराच्या वाढत्या किमतीनं ते भरून काढावेत असं तुझं म्हणणं असेल तर म्हण, पण मग ती पैज आहे हे मान्य करून म्हण. शिवाय बँक एवढ्या हप्त्याला सव्वादोन लाखांच्या आसपास उत्पन्न मागेल, म्हणजे दोन पगार आले.

घर घेतल्यावर टॅक्सची बचतही ऐकलीस तेवढी नाही. फेडरलमध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाचंच व्याज वजा मिळतं, म्हणजे वरच्या कर्जाच्या ६२,००० व्याजातलं सुमारे ४८,५००. राज्याच्या रिटर्नमध्ये मर्यादा दहा लाखांची आहे. राज्याचा आणि प्रॉपर्टीचा टॅक्स मिळून वजावट २०१८ पासून १०,००० वर अडली होती. २०२५ ला ती ४०,००० झाली, पण २०३० मध्ये परत १०,००० वर येणार आहे. मेलो-रूस सहसा वजा मिळत नाही.

आणखी एक बिल ध्यानात ठेव, सप्लिमेंटल. जुनं मूल्यांकन ६ लाख आणि तुझं १२ लाख असेल, आणि सप्टेंबरात व्यवहार झाला, तर फरकावरचा ऑक्टोबर ते जून असा नऊ महिन्यांचा टॅक्स, सुमारे ४,७००, काही महिन्यांनी वेगळ्या पाकिटातून येतो. तो सहसा बँकेच्या इम्पाउंड खात्यातून (हप्त्याबरोबर टॅक्स-विम्याचे पैसे जमा होतात ते) भरला जात नाही, थेट तुझ्या नावावर येतो. लोक जाहिरात समजून टाकून देतात आणि १० टक्के दंड लागतो. जानेवारी ते मे मध्ये घेतलंस तर अशी दोन बिलं येतात. नेहमीचे हप्ते १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत.

टेकड्यांच्या बाजूचं घर आवडलं, तर ऑफर लावण्याआधी विम्याचं कोटेशन घे. २०२० च्या सिल्वराडो वणव्यात अर्व्हाइनमधली हजारो घरं रिकामी करावी लागली होती. खासगी कंपनीनं नकार दिला तर फेअर प्लॅन हा शेवटच्या आधाराचा विमा उरतो. तो मुख्यतः आगीचा, बाकीसाठी दुसरी पॉलिसी जोडावी लागते. भूकंपाची तिसरी.

व्हिसाचं सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात, आणि घर विकायला किमतीच्या पाच-सहा टक्के जातात, १२ लाखांवर साठ-सत्तर हजार. पुण्याला परत जाऊन, अनिवासी झाल्यावर विकलंस, तर खरेदीदाराला एकूण किमतीच्या १५ टक्के, म्हणजे १,८०,०००, फेडरलसाठी कापून ठेवावे लागतात आणि राज्यासाठी आणखी ३.३३ टक्के. रिटर्न भरून जास्तीचे परत मिळतात, पण तोवर रक्कम अडकून बसते.

भारतातल्या पैशाबाबत कॅलिफोर्निया टेक्सासपेक्षा कडक आहे. पीपीएफचं आणि एनआरई ठेवीचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इकडे फेडरल आणि राज्य दोन्हीकडे दाखवायचं. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फेडरल देतं, कॅलिफोर्निया देत नाही. एचएसएची (आरोग्य-बचत खात्याची) सवलतही राज्य मानत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल) भरायचाच.

कोरोना या गावाला राहून अर्व्हाइनला ये-जा करायचा विचार लिहिला आहेस. एका बाजूला पस्तीसेक मैल, रोज सत्तर. आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) गाडीखर्चाच्या २०२५ च्या ७० सेंट प्रतिमैल दरानं दिवसाला ४९ डॉलर, वीस दिवसांचे ९८०. ९१ नंबरच्या हायवेच्या एक्सप्रेस लेनचा किंवा २४१ नंबरच्या रस्त्याचा टोल वेगळा, आणि रोजचे दोन-तीन तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. भाड्यात वाचलेलं सगळं त्या रस्त्यावर जातं. त्यापेक्षा टस्टिन, कोस्टा मेसा, लेक फॉरेस्ट बघ. सॅन्टा ॲनाही बघ, फक्त तिथे सेल्स टॅक्स ९.२५ टक्के आहे, अर्व्हाइनमध्ये ७.७५. किराण्यावर तो नसतोच, गाडीवर मात्र तू जिथे राहतेस तिथला लागतो.

शुक्रवारी एचआरशी बोलशील तेव्हा मूळ पगार वाढवून मागच, १,६५,००० म्हण. आणि रिलोकेशनचे १०,००० 'ग्रॉस्ड अप' आहेत का, म्हणजे त्यावरचा टॅक्स कंपनी भरते का, ते विचार. २०१८ पासून फेडरलमध्ये ती रक्कम पगारासारखीच करपात्र आहे. ग्रॉस-अप नसेल तर हातात साडेसहा हजारांच्या आसपास येतील, आणि ट्रक, पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट हे सगळं त्यातच बसवावं लागेल.

आवडलेल्या दोन-तीन घरांची टॅक्स बिलं पाठव, सीएफडीच्या ओळी आपण मिळून बघू.