मागे राहणाऱ्या घोडीसाठी तट्टू

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन घोडे गाडीच्या सरावाला बाहेर पडले की मागे राहिलेली घोडी कुंपणाकडेनं येरझाऱ्या घालते, खिंकाळत राहते, वैरणीला तोंड लावत नाही, असं तू लिहिलंस. हा तिचा हट्ट नाही. घोडं कळपात जगणारं जनावर आहे. एकटं पडलं की सतत सावध उभं राहतं, नीट आडवं होऊन झोपतही नाही. माउलींच्या पालखीसाठी अंकलीहून आळंदीला जाणारे अश्वसुद्धा जोडीनेच वाट चालतात. तेव्हा तट्टू आणायचा तुझा विचार बरोबर आहे. ते कुणासाठी आणायचं, हे मात्र आधी पक्कं कर. ते या घोडीसाठी आहे. पोरांना बसायला होईल का, दिसायला कसं आहे, स्वस्तात मिळतंय का, हे सगळं नंतर.

म्हणून तट्टू स्वभावानं थंड हवं. घाबरट आणलंस तर दोघं मिळून कुंपणाकडेनं धावतील आणि घोडीचं दुखणं दुप्पट होईल. वय ८ ते १५ वर्षं असावं, खच्ची केलेलं असावं आणि खच्ची करून निदान दोन महिने झालेले असावेत. अंडील, म्हणजे खच्ची न केलेलं, अजिबात नको. घोडी माजावर आली की तिन्ही घोड्यांचा तोल बिघडेल. शिंगरूही नको, ते हाडानं कच्चं असतं आणि कळपाची रीत अजून शिकायची असते.

उंची खांद्याच्या उंचवट्याशी ४४ ते ५२ इंच बघ. हौसेनं विकली जाणारी अगदी बुटकी जनावरं टाळ, कारण मोठ्या घोड्याची जी लाथ दुसऱ्या घोड्याच्या मांडीला लागते ती बुटक्याच्या थेट डोक्याला बसते. मेंढरांच्या मागे धनगरांचं बिऱ्हाड वाहणारी भीमथडी वळणाची तट्टं मला या कामाला सगळ्यांत योग्य वाटतात. कुत्री, मेंढरं, अनोळखी रान, यातलं काही त्यांना नवं नसतं. त्यांच्या पाठीवर ओझ्याचे जुने पांढरे व्रण असले तर चालतील, ओली जखम नको.

यात्रेच्या बाजारात घेण्यापेक्षा मालकाच्या दारात जाऊन बघ. बाजारातलं प्रत्येक जनावर एकतर भेदरलेलं असतं नाहीतर दमलेलं, खरा स्वभाव तिथे कळत नाही. दारात गेलास की तट्टू त्याच्या साथीदारांच्या नजरेआड नेऊन वीस मिनिटं बांधून ठेव. एक-दोनदा खिंकाळलं तर चालेल. घाम फुटणं, पुन्हापुन्हा पातळ लीद टाकणं, पुढच्या पायांवर डुलत राहणं ही लक्षणं दिसली तर परत फिर. मग ते वैरण खात असताना दुसरं घोडं जवळ आणायला सांग. कान पाडून ढुंगण वळवणारं नको. एक पाऊल सरकून खात राहणारं हवं.

दात स्वतः बघ. पुढचे मधले पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षांत तोंड भरतं. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपासून उतरणारी तपकिरी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याच्या आसपास टोकाला पोचते. हा अंदाजच, पण "सात वर्षांचं आहे" असं म्हणणारा खरं सांगतो की नाही ते कळतं. खुरावरच्या वळ्या टाचेकडे रुंद होत गेल्या असतील आणि मानेवरची चरबी हाताला घट्ट लागत असेल, तर त्या तट्टूला खुराचा दाह होऊन गेलेला असण्याचा संभव मोठा. असं स्वस्त जनावर पुढे महागात जातं.

पैसे देण्याआधी सरकारी पशुवैद्यकाकडून ग्लँडर्ससाठी रक्तनमुना घ्यायला लाव. हा रोग माणसालाही होतो, आणि निदान पक्कं झालं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावर संपवावं लागतं. त्याची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. दुसऱ्या राज्यातून आणणार असशील तर वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला गाडीत असू दे.

घरी आणल्यावर २१ दिवस वेगळं बांध, बाकीच्यांपासून निदान तीस मीटरवर, पण घोडी लांबून दिसेल असं. बादली, खरारा, दोर सगळं वेगळं. रोज ताप मोज, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, जबड्याखाली गाठी आल्या किंवा नाकातून पू आला तर डॉक्टरला बोलाव. याच काळात धनुर्वाताची लस सुरू कर आणि जंताचं औषध वजन काढूनच दे.

मग आठवडाभर मजबूत कुंपणाच्या आरपार ओळख होऊ दे. त्यानंतर फक्त घोडी आणि तट्टू एकत्र सोड. तिघांत एकदम सोडलंस तर दोन घोडे त्याला हाकलतील आणि घोडीशी त्याचं नातं जमायला वेळच मिळणार नाही. तिचे मागचे नाल काढून घे. सकाळी, दोघांची पोटं भरलेली असताना, जिथे कोंडून धरायला कोपरा नाही अशा मोकळ्या रानात सोड. वैरणीचे तीन ढीग दहा-बारा मीटर अंतरावर टाक, पाणी दोन ठिकाणी ठेव. कान पाडणं, हलका चावा, थोडा पाठलाग हे होणारच, मध्ये पडू नकोस. पण सतत कोंडणं, दोन्ही मागच्या पायांची लाथ किंवा पाण्याला जाऊ न देणं दिसलं की वेगळं कर आणि कुंपणाआडची ओळख आणखी आठवडाभर लांबव. रात्री एकत्र ठेवायची घाई नको. बाकीचे दोन घोडे नंतर, एकेक करून. चौघं एकत्र आले की ढीग पाच कर.

कुंपणाची खालची आडवी काठी जमिनीपासून फूटभरावर आण, नाहीतर तट्टू खालून निसटेल. काटेरी तार असेल तर आधी काढ.

सगळ्यांत जास्त चुका खाण्यात होतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज, त्याचा वर्ग कर, शरीराच्या (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या) लांबीनं गुणून ११,८८० नं भाग. घेर १३० आणि लांबी १२० असेल तर वजन सुमारे १७० किलो. अशा तट्टूला दिवसाला साडेतीन किलोच्या आसपास कोरडं गवत पुरतं. सुटलेलं असेल तर अडीच किलोवर हळूहळू आण. चंदी, म्हणजे दाणा, त्याला लागतच नाही, म्हणून घोड्यांना चंदी देताना ते बाहेर बांध. गळीत हंगामात आपल्याकडे फुकट मिळणारं उसाचं वाडं आणि पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत, दोन्हींत साखर जास्त असते आणि त्यानं खुराचा दाह होतो. दाह झालेलं तट्टू वजन मागे टाकून उभं राहतं, कठीण जमिनीवर वळताना अडखळतं, खूर गरम लागतात. तसं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, मऊ अंथरूण, थंड पाण्यात खूर. चालवू नकोस. आणि वजन उतरवायचं म्हणून उपाशी कधीच ठेवू नकोस. लठ्ठ तट्टू दिवसभर उपाशी राहिलं की रक्तात चरबी उतरते आणि त्यातून ते दगावू शकतं.

नाल नको, पण दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घे.

दोघांचं जमलं की पहिल्या महिन्यातच घोडीला रोज पाच मिनिटं बाहेर ने, वेळ वाढवत अर्ध्या तासावर आण. तिला कधी दवाखान्यात न्यावं लागलं, तर त्या दिवशी तट्टू एकटं राहायला शिकलेलं असलं पाहिजे.

रक्ताचा निकाल आला की कळव. सौदा त्यानंतरच कर.

तुझा हितचिंतक