बांधाच्या वादात गूगल अर्थवरचा जुना उपग्रह फोटो कोर्टात पुरावा म्हणून चालतो का?

चालतो, पण नुसती प्रिंट काढून नेलीत तर कोणी हात लावणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, दोन्ही भागांसह. त्यातला एक भाग तज्ज्ञाच्या सहीचा असतो आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात (अर्जुन खोतकर) जुन्या पुरावा कायद्यातल्या याच अर्थाच्या कलम ६५-ब बद्दल स्पष्ट केलंय.

फोटोवर मात्र फार विसंबू नका. एका उपग्रह चित्राने आमच्या घराची पाच वर्षं खाल्ली.

बाबांचा वनहक्काचा दावा, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर मिळावी म्हणून केलेला, तीस गुंठ्यांचा. १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवायचा होता. ग्रामसभेचा ठराव होता, म्हाताऱ्यांचे जबाब होते, शेत पेरलं म्हणून १९९१ साली झालेल्या दंडाची पावती होती. उपविभागीय समितीने एका ओळीत दावा फेटाळला: 'उपग्रह चित्रात शेती दिसत नाही.' चित्रातला एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब-रुंद. म्हणजे जवळपास साडेपाच गुंठ्यांचा. बाबांचं अख्खं शेत पाच-सहा ठिपक्यांत, त्यात मोहाची चार झाडं, डोंगरउतार आणि डिसेंबरच्या आधीच कापून झालेली भगर. शेती दिसणार कशी?

थोरला भाऊ पुण्यात नकाशांच्याच कामात. जेवताना बाबांच्या तोंडावर म्हणाला, "सॅटेलाइट खोटं बोलत नाही." बाबा ताटावरून उठले.

'शेती दिसत नाही' आणि 'शेती नव्हती' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दादा. २०१२ साली वनहक्क नियमांत १२-अ आला. उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यायचं, त्यांच्या जागी नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. जिल्हा समितीपुढे पडून असलेल्या अपिलाला तो नियम जोडला आणि २०१५ मध्ये पट्टा हातात आला.

तुमचा वाद खासगी बांधाचा असेल तर १२-अ तुम्हाला लागू नाही, हे सांगायचं राहिलं. शिवाय गूगल अर्थचा फोटो जागेवरून काही मीटर सरकलेला असू शकतो. दोन फुटी बांधाचा निकाल त्यावर लागत नाही. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. फोटो सोबत लावाल तेव्हा त्याची तारीख आणि त्या महिन्यात शेतात काय उभं होतं, तेही प्रतिज्ञापत्रात लिहा. आमच्या फायलीत ते कोणी लिहिलं नव्हतं. दादाला येत होतं, त्याने लिहिलं नाही.