घरच्या घरी हेड गॅस्केट बदलता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय पण खाली थेंब पडत नाही, गाडी गरम होते. हेड गॅस्केट (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये गळती रोखणारा पातळ थर) उडालंय असं कळलं, तर ते घरी बदलता येईल का?

येईल. पण हेड तपासायला आणि गरज पडली तर फेस मारायला (तळ घासून सपाट करायला) मशिन शॉपमध्ये न्यावं लागेल, तेवढे दिवस गाडी उभी राहील. शिवाय तुमच्या इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर बोल्टला पाना लावूच नका. या कामात आकडे अंदाजाने चालत नाहीत.

आधी खात्री करा. ऑइल कॅपखाली पांढरट फेस दिसला म्हणजे गॅस्केटच गेलं असं नाही. गाडी रोज थोडंथोडंच चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र इंजिन अजिबात चालू करू नका, बेअरिंगं खराब होतील. ऑइल स्वच्छ असेल तर रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर (गॅस ओळखणाऱ्या द्रवाची नळी) लावा: त्यातला निळा द्रव पिवळा पडला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्येच ते कमी असेल, तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये उडालेलं असण्याची शक्यता मोठी.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. गरम अॅल्युमिनियम हेड सोडवलं तर ते वाकू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पेट्रोल लाइनचं प्रेशर उतरवा, कूलंट आणि ऑइल काढा. एसीचा कॉम्प्रेसर आड येत असेल तर पाइप न उघडता बाजूला बांधून ठेवा. प्रत्येक कनेक्टरवर आणि होजवर टेप लावून नंबर लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. एक नंबर सिलिंडरचा पिस्टन टॉप डेड सेंटरला (सर्वांत वर) आणून टायमिंगच्या (क्रँक आणि कॅम या दोन दांड्यांचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळवा, मगच बेल्ट किंवा चेन उतरवा. त्यानंतर क्रँक किंवा कॅम फिरवू नका. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात.

हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत तीन-चार फेऱ्यांत सैल करा. हेड चिकटलेलं असेल तरी फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथला एक ओरखडाही पुढे गळती देतो. उतरवलेलं हेड लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा.

जुनं गॅस्केट लगेच फेकू नका. उजेडात धरा. सिलिंडरभोवतीची रिंग जिथे जळाली तिथे काळी रेघ पाण्याच्या भोकापर्यंत किंवा शेजारच्या सिलिंडरपर्यंत गेलेली दिसते. पिस्टनही बघा: ज्यात पाणी येत होतं त्याचा माथा वाफेने धुऊन चकचकीत झालेला असतो, बाकीचे काळे असतात.

माझ्या मते सगळं काम पृष्ठभागावर आणि बोल्टवर ठरतं, नवीन गॅस्केट हा त्यातला सोपा भाग. सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांना ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घाला. बऱ्याच अॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिमीच्या आसपासचीच मुभा असते; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ब्लॉकही तसाच तपासा. मशिन शॉपला फेस मारण्याआधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये तडा असेल तर नवीन गॅस्केटचा काही उपयोग नाही.

ब्लॉक प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. ड्रिलला खरखरीत डिस्क लावून कधीच घासू नका: तिची बारीक भुकटी ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. बोल्टची भोकं फडक्याने टिपून हवेने फुंका. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर ते दबत नाही. एक तर ब्लॉक तडकतो, नाहीतर टॉर्क पाना (बोल्टवरचा जोर मोजणारा) आधीच 'कट्' करतो आणि हेड मात्र नीट दाबलं गेलेलं नसतं.

बोल्ट बहुतेक नव्या इंजिनांत ताणले जाणारे असतात, ते नवेच घ्या. धातूच्या थरांचं गॅस्केट कोरडंच बसवा. सीलंट फक्त मॅन्युअल सांगेल तिथे. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, आणि ऑइलचं भोक जुळलंय ना ते डोळ्यांनी बघा. आट्यांना ऑइल लावायचं की नाही हेही मॅन्युअलच सांगतं, कारण त्याने त्याच टॉर्कला दाब बदलतो. घट्ट करताना क्रम उलटा, मध्यापासून बाहेर. उदाहरणार्थ आधी ३० न्यूटन मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असे टप्पे असतात. तुमच्या इंजिनचे वेगळे असतील.

टायमिंग जुळवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग पुन्हा बघा. थर्मोस्टॅट, ऑइल आणि फिल्टर नवीन टाका. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा.

आणि गॅस्केट का उडालं ते शोधाच: बंद पडलेला फॅन, चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप. हे तसंच राहिलं तर नवीन गॅस्केटही जाईल. पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा आणि वरची होज दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीची होज टणक लागली, तर गॅस अजून पाण्यात येतोय; हेड पुन्हा उतरवावं लागेल.