लेबलची शीट, सरकणारे पत्ते

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांना पत्रं पाठवायची म्हणून २४ लेबलांची ए४ शीट आणली. पाकिटावर '६४ × ३४ मिमी' एवढंच छापलंय. वर्डच्या यादीत हा प्रकार सापडत नाही. जवळपासचा निवडला, तर पहिली ओळ बरोबर येते आणि शेवटच्या ओळीतले पत्ते दोन लेबलांच्या मधोमध पडतात. — एक वाचक, सातारा

जवळपासचं माप लेबलच्या कामात चालत नाही. एका ओळीमागे एक मिमीचा फरक असला, तरी आठव्या ओळीपर्यंत तो ७ मिमी होतो. पहिली ओळ बरोबर आणि खाली जाताना चूक वाढत गेली, तर व्हर्टिकल पिच चुकलंय असं समजा. सगळ्या ओळी सारख्याच सरकल्या असतील, तर दोष टॉप मार्जिनचा.

पिच म्हणजे एका लेबलच्या वरच्या कडेपासून खालच्या लेबलच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. ते दोन लेबलांवर मोजू नका, अर्ध्या मिमीची चूक सहज होते. स्टीलची पट्टी घेऊन पहिल्या लेबलच्या वरच्या कडेपासून आठव्या लेबलच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि सातने भागा. समजा २३८ मिमी भरलं, तर पिच ३४, म्हणजे ओळींमध्ये फट नाही. आडवं अंतर पहिल्याच्या डाव्या कडेपासून तिसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजून दोनने भागायचं. १३२ भरलं, तर हॉरिझाँटल पिच ६६, म्हणजे दोन लेबलांत २ मिमीची फट आहे.

आता मेलिंग्ज, लेबल्स, ऑप्शन्स, न्यू लेबल असं जा. पेज साइज आधी ए४ करा, मगच बाकीचे आकडे भरा. वरच्या उदाहरणात टॉप मार्जिन (कागदाच्या वरच्या कडेपासून पहिल्या लेबलपर्यंत) १२.५, साइड मार्जिन (डाव्या कडेपासून) ७, व्हर्टिकल पिच ३४, हॉरिझाँटल पिच ६६, लेबल हाइट ३४, विड्थ ६४, नंबर अक्रॉस ३, नंबर डाउन ८. चौकटी सेंटिमीटर किंवा इंच दाखवत असल्या, तरी '34 mm' असं एककासकट टाइप केलं की वर्ड स्वतः रूपांतर करतो. टाइप करण्याआधी एक बेरीज करून घ्या : १२.५ + (७ × ३४) + ३४ = २८४.५, म्हणजे २९७ च्या आत. ही बेरीज पानाबाहेर गेली, की वर्ड पान मोठं होत असल्याची तक्रार करतो आणि पुढे जाऊ देत नाही. तयार झालेलं लेबल यादीत 'अदर/कस्टम' या नावाखाली सापडेल.

'न्यू डॉक्युमेंट' म्हटल्यावर तीनाऐवजी पाच रकान्यांचं टेबल दिसेल. मधले दोन अरुंद रकाने म्हणजे त्या २ मिमीच्या फटी. नको म्हणून ते काढून टाकले, की पुढचे रकाने डावीकडे सरकतात. रेघा दिसत नसतील, तर टेबल लेआउटमध्ये 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू करा, त्या छापल्या जात नाहीत.

प्रश्न : मापं तीनदा तपासली, बरोबर आहेत. तरी वरचे पत्ते खाली आणि खालचे पत्ते वर आलेत. मधल्या ओळी मात्र अगदी जागेवर. — एक वाचक, नाशिक

वर्डचा दोष नाही, प्रिंटिंगच्या वेळी पान लहान होतंय. मधलं जागेवर आणि दोन्ही टोकं आत ओढलेली, ही 'फिट टू पेज'ची खूण. पीडीएफ करून छापत असाल, तर 'ॲक्चुअल साइज' निवडा आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये स्केल १०० टक्के ठेवा. तिथला कागद लेटर असला तरी हेच होतं. लेटरची उंची २७९.४ मिमी, ए४ ची २९७.

लेबलची शीट लगेच घालू नका. साध्या ए४ कागदावर प्रिंट काढा, तो शीटच्या मागे धरून खिडकीच्या उजेडात पाहा. सगळं एकाच बाजूला १-२ मिमी सरकलेलं असेल, तर ट्रेमधली कागदाची पट्टी सैल असते. ती घट्ट करा आणि मगच मार्जिनला हात लावा.

प्रश्न : सभासदांची यादी एक्सेलमध्ये जुन्या मराठी फाँटमध्ये आहे. मेल मर्ज (यादीतली नावं-पत्ते लेबलांवर आपोआप बसवणं) केल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, तोही फक्त पहिल्या लेबलमध्ये. बाकी रिकामी. — एक वाचक, पुणे

ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. मर्जमध्ये अक्षरं येतात, फाँट येत नाही. पहिल्या लेबलमधली नाव-पत्त्याची फील्ड्स सिलेक्ट करून तोच फाँट द्या. इंग्रजीत लिहिलेल्या रकान्यांना देऊ नका, नाहीतर तेही मराठीसारखे दिसू लागतील. यादी दरवर्षी लागणार असेल, तर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. अशी डागडुजी दरवेळी करत बसण्यात अर्थ नाही.

बाकीची लेबलं रिकामी, कारण 'अपडेट लेबल्स' दाबलेलं नाही. पहिल्या लेबलमध्ये फील्ड्स बसवून, फाँट आणि आकार ठरवून मगच हे बटण दाबायचं. त्यानंतर दुसऱ्या लेबलपासून पुढे प्रत्येकाच्या सुरुवातीला «नेक्स्ट रेकॉर्ड» दिसायला हवं. ते खोडलं गेलं, की तिथून शेजारच्या लेबलवर तेच नाव पुन्हा येतं. नंतर पहिल्या लेबलमध्ये काही बदललं, तर बटण पुन्हा दाबा.

युनिकोड केल्यावर नवी अडचण येऊ शकते : शेवटची ओळ कापली जाते. लेबलच्या चौकटीची उंची ठाम असते, मजकूर वाढला तरी ती वाढत नाही, आणि मराठी फाँट इंग्रजीपेक्षा जास्त उभी जागा घेतात. ३४ मिमी म्हणजे सुमारे ९६ पॉइंट. ११ पॉइंटच्या अक्षराला लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' १६ पॉइंट द्या, पाच ओळी आरामात बसतात. १३-१४ पर्यंत खाली आणलंत, तर वेलांट्या आणि रफार वरून छाटले जाण्याची शक्यता असते.

प्रश्न : अर्धी वापरलेली शीट पुन्हा प्रिंटरमध्ये घालावी का? — एक वाचक, कोल्हापूर

लेझरमध्ये नको. लेबल काढलेल्या जागेशेजारच्या कडा उचललेल्या असतात. फ्यूजरच्या (शाई कागदावर पक्की करणाऱ्या तापत्या भागाच्या) उष्णतेत लेबल सुटून रोलरला चिकटलं, की दुरुस्तीचा खर्च शीटच्या कितीतरी पट. इंकजेटवर एकदा चालून जाईल. एखादंच लेबल हवं असेल, तर 'सिंगल लेबल' निवडून ओळ आणि रकान्याचा क्रमांक द्या. मर्ज करत असाल, तर एक्सेलमध्ये शीर्षकाखाली जितकी लेबलं गेली, तितक्या कोऱ्या ओळी घाला. प्रत्येक ओळीत निदान एक स्पेस असू द्या.

प्रश्न : लिब्रेऑफिसमध्ये हे जमतं का? — एक वाचक, मडगाव

जमतं. फाइल, न्यू, लेबल्स, मग 'फॉरमॅट' टॅब. मापं तीच, फक्त साइड मार्जिनला तिथे लेफ्ट मार्जिन म्हणतात. 'सेव्ह' करून नाव दिलं की पुढच्या वेळी यादीत येतं. 'ऑप्शन्स' टॅबमध्ये 'सिंक्रोनाइझ कंटेंट्स'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर पहिल्या लेबलमधला बदल बाकीच्या २३ मध्ये हाताने करावा लागेल.