रोध वाढवला की कपॅसिटर मंदावतो, मग कॉइल घाई का करते?

तुमचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) उशिरा सुटतो, त्याकडे शेवटी वळू. आधी तुमचा प्रश्न असा, की कपॅसिटरच्या सर्किटचा काल-स्थिरांक आर गुणिले सी आणि कॉइलचा मात्र एल भागिले आर (आर म्हणजे रोध, सी म्हणजे कपॅसिटरची धारिता, एल म्हणजे कॉइलचं इंडक्टन्स), हे उलट कसं? ‘एककं जुळतात म्हणून’ हे उत्तर चूक नाही, पण त्याने मन भरत नाही. माझंही भरलं नव्हतं. आलेखातला सुरुवातीचा चढ पाहिला तेव्हा कुठे उलगडा झाला.

कपॅसिटरचं व्होल्टेज किंवा कॉइलचा करंट सुरुवातीच्या वेगानेच चढत राहिला असता, तर शेवटची पातळी गाठायला जेवढा वेळ लागला असता तो काल-स्थिरांक. प्रत्यक्षात वेग कमी होत जातो, म्हणून तेवढ्या वेळात ६३ टक्केच मजल होते आणि पाचपट वेळात ९९ टक्क्यांच्या वर.

आता १० व्होल्ट, १० किलोओहम आणि रिकामा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. पहिल्या क्षणी करंट १ मिलिअँपिअर, म्हणजे चढ सेकंदाला १० व्होल्ट; काल-स्थिरांक १ सेकंद. रोध दुप्पट केला की चढ निम्मा होतो, पण गाठायचे तेच १० व्होल्ट. म्हणून २ सेकंद.

कॉइलचं गणित वेगळं. १२ व्होल्ट, १०० मिलिहेन्री, एकूण रोध ५० ओहम. स्विच लावला त्या क्षणी करंट शून्य, म्हणून रोधावर व्होल्टेजही शून्य. सगळे १२ व्होल्ट कॉइलवर. चढ सेकंदाला १२० अँपिअर, आणि त्यात रोधाचा काहीच वाटा नाही! रोध फक्त वरचं छत ठरवतो: ०.२४ अँपिअर, म्हणून काल-स्थिरांक २ मिलिसेकंद. १०० ओहम केले तर चढ तोच, छत ०.१२ वर, म्हणून १ मिलिसेकंद.

इथे बरेच जण फसतात. करंट ‘लवकर पोचला’ तो खाली आणलेल्या छताला. १ मिलिसेकंदाला ५० ओहममध्ये साधारण ९४ मिलिअँपिअर असतात, १०० ओहममध्ये ७६च. खरोखर वेग हवा असेल तर रोधाबरोबर व्होल्टेजही दुप्पट करा. २४ व्होल्ट आणि १०० ओहमला त्याच क्षणी १५२ मिलिअँपिअर मिळतात. स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) वेगाने फिरवताना जास्त व्होल्टेज देतात ते यासाठीच.

तुमचा रिले उशिरा सुटतो त्याचं कारणही हेच. स्विच (इथे ट्रान्झिस्टर) बंद झाल्यावर करंट कॉइल आणि तिला समांतर जोडलेल्या डायोडमधून (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) फिरत राहतो, आणि वाटेत कॉइलचा स्वतःचा रोध तेवढा असतो, म्हणून काल-स्थिरांक मोठा राहतो. वरच्याच आकड्यांची १२ व्होल्टची कॉइल धरली, तर डायोडला सिरीजमध्ये १५० ओहम लावल्यावर एकूण रोध २०० होतो आणि काल-स्थिरांक अर्ध्या मिलिसेकंदावर येतो. फक्त तो रोध जोडण्याआधी ट्रान्झिस्टरची मर्यादा तपासा: ०.२४ गुणिले १५० म्हणजे ३६, डायोडचे ०.७ आणि सप्लायचे १२ मिळून कलेक्टरवर (ट्रान्झिस्टरच्या कॉइलकडच्या टोकावर) जवळपास ४९ व्होल्ट येतात. ४० व्होल्टचा ट्रान्झिस्टर तिथे टिकणार नाही.